कॉमेट विमानाच्या चाचण्या : काय तपासले आणि काय राहून गेले

रोह्याला लागून असलेल्या वरसे येथे मोकळ्या मैदानात उभे राहिले, की मुंबईकडे जाणारी-येणारी विमाने अधूनमधून दिसतात. मुलांचे लक्ष फळ्यावरून उडून तिकडे जाते आणि मग प्रश्न सुरू होतात. त्यांतला एक प्रश्न आम्हा शिक्षकांना वारंवार ऐकावा लागतो : 'विमानाच्या खिडक्यांचे कोपरे गोल का असतात?' यावर एक ठरलेले उत्तर आहे. 'पूर्वी कॉमेट नावाचे विमान होते, त्याच्या खिडक्या चौकोनी होत्या, म्हणून ते कोसळले.' उत्तर सोपे आहे, पण अर्धवट आहे. आणि अर्धवट उत्तरात या गोष्टीचा सर्वांत मोलाचा भाग हरवतो. कॉमेट हे निष्काळजीपणे बनवलेले विमान नव्हते. त्या काळात इतक्या कसून तपासलेली प्रवासी विमाने फार थोडी होती. तरीही ते कोसळले. असे का झाले, हे समजून घेतले तर 'चाचणी' या शब्दाचा अर्थच आपल्याला नव्याने कळतो.

पंखे गेले, जेट आले

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच ब्रिटनमध्ये युद्धानंतरच्या प्रवासी विमानांचा विचार सुरू झाला होता. लॉर्ड ब्रॅबझन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ज्या प्रकारच्या विमानांची शिफारस केली, त्यांत एक जेट विमानही होते. त्याची जबाबदारी डी हॅव्हिलँड या कंपनीने उचलली. मुख्य अभिकल्पक होते रोनाल्ड बिशप. विमानाला नाव मिळाले 'कॉमेट', म्हणजे धूमकेतू.

त्या वेळची प्रवासी विमाने पिस्टन इंजिनाची व पंख्याची होती. एअर इंडिया इंटरनॅशनलची मुंबई-लंडन सेवा ८ जून १९४८ रोजी सुरू झाली, ती 'मलबार प्रिन्सेस' या पंख्याच्या कॉन्स्टेलेशन विमानाने. असे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाई आणि वादळी ढगांच्या पट्ट्यातूनच त्याला वाट काढावी लागे. कॉमेट ताशी सुमारे ७५० किलोमीटर वेगाने आणि ३५ ते ४० हजार फुटांवरून, म्हणजे बहुतेक हवामानाच्या वरून, उडणार होते. मात्र एवढ्या उंचीवर हवा इतकी विरळ असते, की तिथे माणूस श्वास घेऊन शुद्धीवर राहू शकत नाही. म्हणून विमानाच्या आत हवा दाबाखाली भरणे भाग होते. पुढच्या साऱ्या कथेचे मूळ या एका गोष्टीत आहे.

उडण्यापूर्वीच्या चाचण्या

चाचणी-उड्डाण म्हटले, की एखादा धाडसी वैमानिक नव्या विमानात बसून 'बघू या काय होते ते' म्हणत आकाशात झेप घेतो, असे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात पहिल्या उड्डाणापूर्वीच विमानाचे बहुतेक भाग वेगवेगळे उडवून पाहिलेले असतात.

कॉमेटचे 'घोस्ट' नावाचे इंजिन आधी दुसऱ्या विमानांना बसवून तपासले गेले. व्हॅम्पायर या लढाऊ विमानात हेच इंजिन घालून चाचणी वैमानिक जॉन कनिंगहॅम यांनी २३ मार्च १९४८ रोजी ५९,४४६ फूट, म्हणजे १८ किलोमीटरहून अधिक उंची गाठली. तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता, पण कंपनीला खरा रस होता तो विरळ हवेत इंजिन नीट पेटते राहते का, यात. कॉमेटच्या नाकाचा भाग लाकडी हॉर्सा ग्लायडरला बसवून पावसात काचेतून वैमानिकाला कितपत दिसते तेही पाहिले. मागे वळलेल्या पंखांचा अभ्यास करण्यासाठी शेपटीविना डीएच १०८ ही लहान विमाने बनवली. त्या अभ्यासाची किंमत जबर होती. अशी तीन विमाने बनली आणि तिन्ही नष्ट झाली; तिन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. त्यांपैकी एक, २७ सप्टेंबर १९४६ रोजी गेलेला, कंपनीच्या संस्थापकांचा मुलगा जेफ्री होता. त्याच्या जागी मुख्य चाचणी वैमानिक म्हणून कनिंगहॅम आले.

२७ जुलै १९४९ रोजी हॅटफील्ड येथील धावपट्टीवरून कॉमेटने पहिले उड्डाण केले. ते ३१ मिनिटांचे होते. त्या दिवशी कनिंगहॅम यांचा बत्तिसावा वाढदिवस होता आणि योगायोगाने संस्थापक सर जेफ्री डी हॅव्हिलँड यांचाही वाढदिवस त्याच तारखेला होता.

पहिल्या उड्डाणात विक्रम करायचा नसतो. विमान वळते का, हातात धरलेला दांडा जड लागतो की हलका, वेग कमी केल्यावर ते डगमगते का, अशा साध्या प्रश्नांची उत्तरे घ्यायची असतात. मग एकेका उड्डाणात एकेक गोष्ट बदलत जायचे : आज वेग थोडा जास्त, उद्या उंची जास्त, परवा वजन जास्त. प्रयोगशाळेत आपण मुलांना 'एका वेळी एकच चल बदला' असे सांगतो. चाचणी वैमानिकाचे कामही तेच असते. फक्त त्याची प्रयोगशाळा हवेत असते.

उष्ण हवेची परीक्षा

२५ ऑक्टोबर १९४९ रोजी कॉमेट लिबियापर्यंत जाऊन त्याच दिवशी इंग्लंडला परतले. एप्रिल १९५० मध्ये ते सुदानमधील खार्टूम आणि केनियातील नैरोबी येथे नेण्यात आले. इंग्लंडच्या गार हवेत छान उडणारे विमान इतक्या दूर का न्यावे? याचे उत्तर नववी-दहावीच्या वायुनियमांत आहे.

दाब तोच असेल तर वायूची घनता केल्व्हिनमधील तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. १५ अंश सेल्सिअस म्हणजे २८८ केल्व्हिन, ४० अंश म्हणजे ३१३ केल्व्हिन. २८८ भागिले ३१३ केले तर ०.९२ येते. म्हणजे ४० अंशांच्या उन्हात हवा सुमारे ८ टक्के विरळ असते. नैरोबी समुद्रसपाटीपासून १,६०० मीटरहून उंच आहे. तिथे हवेचा दाबच सुमारे सतरा टक्के कमी असतो. त्यात २५ अंश तापमान धरले, तर घनता प्रमाणित घनतेच्या सुमारे ८० टक्के उरते.

हवा विरळ झाली, की विमानाला दोन्हीकडून फटका बसतो. पंखाला वर उचलणारे बल घनतेवर अवलंबून असते, म्हणून ते कमी होते आणि विमानाला अधिक वेग गाठावा लागतो. शिवाय जेट इंजिनात दर सेकंदाला कमी हवा शिरते, म्हणून रेटाही घटतो. गरज वाढली आणि ताकद घटली, तर धावपट्टी लांब लागणार हे उघड आहे. ही लांबी किती, हे कागदावर मांडता येते. पण प्रवाशांचा जीव कागदावरच्या आकड्यावर टांगता येत नाही. म्हणून प्रत्यक्ष तिथे जाऊन मोजणी करायची.

१९५१ मध्ये बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीने दिल्ली, कलकत्ता, सिंगापूरपर्यंत कॉमेटच्या सराव-फेऱ्या केल्या. जानेवारी १९५२ मध्ये विमानाला उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र मिळाले आणि २ मे १९५२ रोजी लंडन ते जोहान्सबर्ग ही जगातील पहिली जेट प्रवासी सेवा सुरू झाली. विमानात फक्त ३६ प्रवासी असत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडन-कोलंबो सेवा सुरू झाली. तिचा मार्ग रोम, बेरूत, बहारीन, कराची असा मुंबईवरून जात होता. म्हणजे जेट प्रवासी विमान सुरू झाल्यानंतर तीन-चार महिन्यांतच ते सांताक्रूझला येऊ लागले होते. एअर इंडिया इंटरनॅशनलनेही कॉमेटच्या पुढील, मोठ्या आवृत्तीपैकी दोन विमानांची मागणी नोंदवली.

नाक किती वर उचलावे?

पहिला धक्का २६ ऑक्टोबर १९५२ रोजी बसला. रोमच्या विमानतळावर अंधारात निघालेले एक कॉमेट धावपट्टीवरून उठलेच नाही आणि पलीकडे जाऊन मोडले. जीव कोणाचा गेला नाही. वैमानिकाने नाक गरजेपेक्षा जास्त उचलले, असा ठपका त्याच्यावर आला. ३ मार्च १९५३ रोजी कराचीला पहाटेच्या अंधारात, इंधनाने भरलेले दुसरे एक कॉमेट तसेच धावत गेले, उठले नाही आणि त्यात बसलेले अकराही जण मरण पावले. प्रवासी जेट विमानाचा हा पहिला प्राणघातक अपघात.

असे काय होत होते? पंखाचा हवेशी केलेला कोन वाढवला, की उचलणारे बल वाढते. पण हे एका मर्यादेपर्यंतच. कोन फार झाला तर हवा पंखाच्या वरच्या पृष्ठाला धरून वाहत नाही, ती सुटून भोवरे करते. बल एकदम पडते आणि रोध वाढतो. वैमानिक याला 'स्टॉल' म्हणतात. कॉमेटच्या पंखाची पुढची कड अशी होती, की धावपट्टीवर असतानाच नाक जास्त उचलले गेले तर ही अवस्था यायची. मग इंजिने पूर्ण जोरात असली तरी वाढलेल्या रोधामुळे वेग वाढत नसे. नाक खाली आणले तर विमान सावरत असे. पण अंधारात, संपत आलेल्या धावपट्टीवर, हे ओळखायला वैमानिकाजवळ काही सेकंदच असत.

इथे एक प्रश्न विचारायला हवा. कनिंगहॅम यांनी शेकडो उड्डाणे केली, त्यांना ही अडचण का जाणवली नाही? कारण ते कनिंगहॅम होते! युद्धात रात्रीच्या अंधारात शत्रूची विमाने पाडणारा, विमानाची नस न् नस ओळखणारा वैमानिक नाक नेमके हवे तेवढेच उचलतो. पण विमान पुढे शेकडो सामान्य वैमानिकांच्या हाती जाणार असते. त्यांच्यातला एखादा थकलेला असेल, एखादा नवखा असेल. कराचीच्या वैमानिकाला या विमानाचा अनुभव थोडाच होता. निष्णात माणसाने बरोबर वागून घेतलेली चाचणी ही चूक झाल्यावर काय होईल याचे उत्तर देत नाही.

यानंतर कॉमेटच्या पंखाची पुढची कड बदलून किंचित खाली झुकवण्यात आली. त्याहून मोठा बदल चाचण्यांच्या पद्धतीत झाला. आज नव्या प्रवासी विमानाच्या चाचण्यांत वैमानिक मुद्दाम नाक इतके उचलतो, की शेपूट धावपट्टीला घासते, आणि विमान कमीत कमी किती वेगाला जमीन सोडते ते मोजले जाते. शेपटीला त्यासाठी तात्पुरते संरक्षण बसवतात. चूक होईल हे गृहीत धरून ती चूक आपणच करून पाहायची, हा धडा रोम आणि कराची यांनी शिकवला.

कलकत्त्याची चौकशी

सेवा सुरू झाली त्याला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, २ मे १९५३ रोजी, सिंगापूरहून लंडनला निघालेल्या कॉमेटने कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून उड्डाण केले आणि सुमारे सहा मिनिटांत ते हुगळी जिल्ह्यात कोसळले. विमानातील ४३ जणांपैकी कोणीही वाचले नाही. वैशाखातले वादळ सुरू होते. भारत सरकारच्या चौकशी न्यायालयाने निष्कर्ष काढला, की वादळी झोतात विमानाचा सांगाडा हवेतच मोडला; एक तर झोत फार तीव्र होते, किंवा झोतांत सावरताना विमानावर मर्यादेबाहेर ताण आला.

या न्यायालयाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट सुचवली. कॉमेटची सुकाणे द्रवाच्या दाबाने हलत. वैमानिकाने दांडा ओढला, की सुकाणू हले. पण सुकाणूवर हवेचा किती जोर येतो आहे ते त्याच्या हाताला जाणवत नसे. सायकलचा हँडल आपल्या हाताशी 'बोलतो', तसा हा दांडा बोलत नव्हता. वैमानिकाला ही जाणीव मिळावी याचा विचार करा, असे भारतीय चौकशीने म्हटले. पुढच्या जेट विमानांत मुद्दाम कृत्रिम जडपणा दिलेला असतो, तो याच गरजेतून.

दोन विमाने, एकच कोडे

१० जानेवारी १९५४ रोजी रोमहून लंडनला निघालेले कॉमेट एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळले. ३५ जण गेले. जगातील पहिली जेट प्रवासी फेरी करणारे विमान हेच होते. उड्डाणे थांबवण्यात आली. संशयाच्या यादीतील दोष दुरुस्त करून २३ मार्चला सेवा पुन्हा सुरू झाली आणि ८ एप्रिलला दुसरे कॉमेट नेपल्सजवळ समुद्रात गेले. त्यात २१ जण होते. दोन्ही वेळी विमान उंच चढत होते आणि हवामानही असे नव्हते, की त्याला दोष देऊन मोकळे व्हावे. चार दिवसांनी कॉमेटचे प्रमाणपत्रच काढून घेण्यात आले.

शोधाचे काम फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटकडे, सर आर्नल्ड हॉल यांच्याकडे आले. ब्रिटिश नौदल एल्बाजवळच्या समुद्रतळातून अवशेष काढत होते. इटालियन डॉक्टरांना मृतदेहांच्या फुफ्फुसांत अचानक दाब उतरल्याच्या खुणा सापडल्या होत्या. म्हणजे विमानाचे धड फुटले असावे. पण ते का फुटावे?

येथे दाबाचे गणित पाहू. कॉमेट ४० हजार फुटांवर असताना आतला दाब ८ हजार फुटांवरच्या दाबाइतका ठेवला जाई. आतल्या आणि बाहेरच्या दाबातील फरक दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.५८ किलो येतो. आकडा लहान वाटतो. पण एक फूट लांब आणि एक फूट रुंद तुकड्यावर याचेच सुमारे ५४० किलो होतात. हा जोर पेलणारा ॲल्युमिनियम मिश्रधातूचा पत्रा जागोजागी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ होता. विमान चढले, की धड किंचित फुगे आणि उतरले, की पूर्ववत होई. प्रत्येक उड्डाण म्हणजे एक श्वास.

तार एकदा वाकवली तर तुटत नाही. मागेपुढे वाकवत राहिलो तर तुटते. धातूलाही थकवा येतो. याला धातुश्रांती म्हणतात. एका वेळी सहज पेलेल असा ताणही हजारो वेळा आला, तर एखाद्या भोकाच्या किंवा कोपऱ्याच्या कडेला सूक्ष्म तडा जन्म घेतो आणि प्रत्येक फेरीत तो केसभर पुढे सरकतो.

पाण्याच्या टाकीतील उड्डाणे

हॉल यांनी सेवेतले एक आख्खे कॉमेट घेतले आणि त्याचे धड एका मोठ्या टाकीत पाण्यात बुडवले. पंख टाकीच्या भिंतींतून बाहेर काढून जॅकने वर-खाली वाकवले जात. धडाच्या आतही पाणी, बाहेरही पाणी; मग आतल्या पाण्याचा दाब पंपाने वाढवायचा व उतरवायचा. काही मिनिटांत एका उड्डाणाएवढा ताण देऊन होई. रात्रंदिवस हे काम चालले.

पाणीच का? फुगा हवेने भरून टाचणी लावली तर तो फटकन फुटून चिंध्या होतात. पाण्याने भरलेल्या फुग्याला टाचणी लावली तर पाणी सांडते, पण स्फोट होत नाही. दाबलेली हवा स्प्रिंगप्रमाणे ऊर्जा साठवते. पाणी जवळजवळ दाबलेच जात नाही, म्हणून त्यात ऊर्जा साठत नाही. हवेने चाचणी घेतली असती तर धडाच्या ठिकऱ्या झाल्या असत्या आणि तडा कुठे सुरू झाला ते कधीच कळले नसते. पाण्यात मात्र तडा पडताक्षणी दाब उतरतो आणि पुरावा जागच्या जागी राहतो. वरशाजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी रासायनिक कारखान्यांत दाबाची भांडी वापरतात. अशा भांड्यांची दाबचाचणी सहसा पाणी भरूनच का करतात, याचे उत्तर हेच आहे.

टाकीतल्या विमानाची आधी १,२२१ उड्डाणे झालेली होती. टाकीत आणखी १,८३६ 'उड्डाणे' झाली आणि धड फाटले. एकूण ३,०५७. तडा पुढच्या बाजूच्या सुटकेच्या खिडकीच्या कोपऱ्यातून सुरू झाला होता. एल्बाजवळ पडलेल्या विमानाची उड्डाणे १,२९० होती, नेपल्सजवळच्या विमानाची ९००.

मग आधीची चाचणी का फसली?

आता खरा प्रश्न. कंपनीनेही धडाच्या तुकड्याची अशीच चाचणी घेतली होती आणि तो तुकडा सुमारे १८,००० फेऱ्या टिकला होता! १८,००० आणि ९०० यांत वीसपट अंतर. कोणी खोटे बोलले होते का? नाही. मोजणी बरोबर होती, फसवणूक नमुन्यात होती.

तो तुकडा आधी दुसऱ्या चाचणीसाठी वापरला गेला होता. धड किती बळकट आहे हे पाहण्यासाठी त्यावर नेहमीच्या दुप्पट दाब देण्यात आला होता. या दुप्पट दाबाने खिडकीच्या कोपऱ्यावरचा धातू स्थितिस्थापकतेच्या मर्यादेबाहेर ताणला गेला, थोडासा कायमचा लांबला. दाब काढल्यावर भोवतालचा पत्रा मूळ आकाराला परत आला आणि त्याने हा लांबलेला कोपरा चेपून धरला. त्यामुळे कोपऱ्यात कायमचे दाबाचे प्रतिबल शिल्लक राहिले. समजा, नेहमीच्या उड्डाणात कोपऱ्यावर ७० एकक ताण येतो आणि कोपऱ्यात २० एकक दाब आधीच साठलेला आहे. तर प्रत्यक्ष ताण ५० एककच लागू होतो. एवढ्या फरकाने थकव्याचे आयुष्य कित्येक पटींनी वाढते. विमान मजबूत आहे हे सिद्ध करण्यासाठी केलेल्या चाचणीने तो नमुनाच मजबूत केला होता! सेवेतल्या विमानांवर एवढा दाब कधीच दिला गेला नव्हता.

आमच्या मते संपूर्ण कॉमेट प्रकरणातला हा सर्वांत शिकण्यासारखा मुद्दा आहे. एका परीक्षेची तयारी करून घेतलेल्या विद्यार्थ्यावरून सर्व वर्गाचा निकाल लावावा, तसे इथे झाले.

खिडकीचा दोष किती?

पत्र्यात भोक पाडले, की ताणाच्या 'रेषा' भोकाला वळसा घालून जातात आणि कडेला दाटी करतात. नदीच्या पात्रात खांब असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना प्रवाह वेगाने वाहतो, तसेच काहीसे. वळण जितके टोकदार तितकी दाटी जास्त. फार्नबरोच्या हिशोबानुसार कोपऱ्यावरचा ताण धातूच्या तुटण्याच्या मर्यादेच्या सुमारे ७० टक्क्यांपर्यंत जात होता.

पण दोन दुरुस्त्या ध्यानात ठेवाव्यात. पहिली, कॉमेटच्या खिडक्या अगदी काटकोनी नव्हत्या. त्यांचे कोपरे थोडे गोलसर होते, फक्त ते पुरेसे गोल नव्हते. दुसरी, एल्बाजवळच्या विमानाचे धड ज्या ठिकाणी फाटायला सुरुवात झाली ती प्रवाशांची खिडकी नव्हतीच. छतावर दिशाशोधक रेडिओच्या अँटेनासाठी झरोके ठेवले होते, त्यांपैकी एकाच्या कोपऱ्याजवळ तडा सुरू झाला होता. पातळ पत्रा, कोपऱ्याचा आकार, कोपऱ्यालगतची रिव्हेटची भोके आणि फसवी चाचणी, अशी अनेक कारणे एकत्र आली होती. 'चौकोनी खिडकी' हे त्या साऱ्याचे सोपे केलेले नाव आहे.

पुढे काय झाले?

जाड पत्रा व नव्या आकाराच्या खिडक्या घेऊन कॉमेट परत आले. डिसेंबर १९५५ मध्ये कनिंगहॅम तिसऱ्या आवृत्तीचे विमान घेऊन कैरो, मुंबई, सिंगापूर, डार्विन अशा टप्प्यांनी सिडनीला गेले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. चौथ्या आवृत्तीने ४ ऑक्टोबर १९५८ रोजी अटलांटिकवरची पहिली जेट प्रवासी सेवा सुरू केली. परंतु तोवर मोठे बोइंग ७०७ आले होते. एअर इंडियानेही तेच घेतले आणि १९६० मध्ये सेवेत आणले. मुंबईने कॉमेटचा एक अपघातही पाहिला. २८ जुलै १९६३ च्या पहाटे जोरदार पावसात व वादळी हवेत सांताक्रूझकडे वळणारे युनायटेड अरब एअरलाइन्सचे कॉमेट मढजवळ समुद्रात कोसळले. ६३ जण गेले. त्याचे कारण धातुश्रांती नव्हते. मान्सूनची हवा ही वेगळीच परीक्षक आहे.

कॉमेटच्या चौकशीचे निष्कर्ष लपवले गेले नाहीत; ते सर्वांपुढे मांडले गेले, आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांनाही त्यांचा फायदा झाला. आज नव्या विमानाचा एक पूर्ण सांगाडा केवळ थकवण्यासाठी राखून ठेवतात व त्याची 'उड्डाणे' सेवेतल्या विमानांच्या कितीतरी पुढे ठेवतात. तडा पडलाच, तर तो थोड्या अंतरावर थांबावा अशी पट्ट्यांची रचना करतात आणि तो धोकादायक होण्याआधी दिसावा म्हणून तपासणीचे वेळापत्रक आखतात. तडा पडणारच नाही, असे कोणी धरून चालत नाही.

वर्गात करून पाहा

१. प्रत्येक विद्यार्थ्याला एकाच डब्यातील एक कागदी क्लिप द्या. ती सरळ करून एकाच ठिकाणी, ठरलेल्या कोनात मागेपुढे वाकवायला सांगा. किती वेळा वाकवल्यावर तुटली तो आकडा फळ्यावर लिहा. सारख्या क्लिपांचे आकडेही सारखे येत नाहीत, असे दिसेल. सरासरीबरोबर सर्वांत लहान आकड्याकडे मुलांचे लक्ष वेधा. प्रवाशाला सरासरी विमानात बसायचे नसते. त्याच्या वाट्याला नेमके कोणते येईल ते ठाऊक नसते. (तुटलेले टोक बोचते, डोळ्यांपासून दूर धरावे.)

२. वहीच्या कागदाच्या सारख्या रुंदीच्या दोन पट्ट्या घ्या. एकीच्या कडेला कात्रीने टोकदार खाच पाडा, दुसरीच्या कडेला तेवढ्याच खोलीचा अर्धगोल कापा. दोन्ही टोके धरून हळूहळू ओढा. कोणती पट्टी आधी फाटते आणि फाटण्याची सुरुवात कुठून होते ते पाहा.

३. कागदी विमान बनवून एकाच जागेवरून दहा वेळा सोडा व अंतरे नोंदवा. मग नाकाला एक टाचणी लावून पुन्हा दहा वेळा. शेवटी तेच विमान ज्यांनी कधी सोडले नाही अशा मुलांच्या हाती द्या व त्यांची अंतरे नोंदवा. निष्णात आणि नवखा यांच्यातला फरक फळ्यावर आपोआप उमटेल.

खिडकीचे कोपरे गोल का, हे विचारणाऱ्या मुलाला आता आपण लांब उत्तर देऊ शकतो. त्यातले एक वाक्य मात्र जरूर सांगावे. चाचणी आपण विचारलेल्याच प्रश्नाचे उत्तर देते. न विचारलेला प्रश्न ती आपण होऊन विचारत नाही. 'हे विमान एकदा दाब सोसेल का?' या प्रश्नाला कॉमेटने 'हो' असे खरे उत्तर दिले होते. 'हजार वेळा सोसेल का?' हे ज्या रीतीने विचारायला हवे होते, त्या रीतीने विचारले गेले ते ५६ माणसे भूमध्य समुद्रात गेल्यावर.